मोटारीतून वाळवंटदर्शन : सुरुवातीच्या सहली कशामुळे शक्य झाल्या?

दूरचा_प्रवासी :
नमस्कार. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात केवळ तो प्रदेश पाहण्यासाठी मोटारीने जाण्याची प्रथा साधारण १९१० ते १९३० या काळात रूढ झाली. मोटारींची ताकद वाढत गेली म्हणून हे घडले, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. परंतु जिथे १९१३ च्या जुलैमध्ये ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, त्या डेथ व्हॅलीसारख्या ठिकाणी लोक हौसेने जाऊ लागले, याला एवढे एकच कारण पुरेसे आहे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

यंत्रप्रेमी :
ताकदीचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या सगळ्या काळात तिचे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचेच राहिले. तिच्यात पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरकडे (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे) केवळ उतारामुळे वाहत असे, त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ लागला की गाडी फिरवून उलट्या गिअरमध्ये चढवावी लागे. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच सारी भिस्त होती. लांब घाटात रेडिएटरमधले पाणी उकळू लागे व ते पुन्हा भरावे लागे. गाडी हलकी आणि जमिनीपासून उंच होती, हे मात्र तिचे खरे बळ होते. वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायची आणि कठीण जमीन लागली की हातपंपाने ती पुन्हा भरायची, हे चालकाला यावेच लागे. पिण्याचे पाणी कॅनव्हासच्या पिशव्यांत भरून त्या गाडीच्या बाहेर टांगत. पाझरणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतले पाणी गार राही.

नकाशावाला :
यंत्रप्रेमी यांच्याशी सहमत आहे आणि त्यांच्या उत्तरातील पाण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९०९ मध्ये वॉल्टर मेंडेनहॉल यांनी तयार केलेली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आग्नेय कॅलिफोर्निया आणि नैर्ऋत्य नेव्हाडातील पाणवठे कोठे आहेत, ही माहिती तीत होती. पुढे त्याच संस्थेने वाळवंटातील वाटांवर पाणवठ्यांची दिशा व अंतर दाखवणारे फलकही उभारले. पुढचे पाणी किती मैलांवर आहे हे आधी कळल्याखेरीज कुटुंबाला घेऊन कोणीही निघणार नाही.

त्यानंतर रस्त्याचा प्रश्न येतो. आग्नेय कॅलिफोर्नियातील इंपीरियल व्हॅलीच्या पूर्वेला वाळूच्या सरकत्या टेकड्या आहेत. तेथे १९१५ साली दोन चाकोऱ्यांपुरत्या फळ्या अंथरण्यात आल्या. त्या लवकर खिळखिळ्या झाल्याने १९१६ मध्ये आठ फूट रुंदीचे लाकडी भाग जोडून नवा रस्ता केला गेला. साचणारी वाळू खेचरांच्या साहाय्याने उपसावी लागे.

दूरचा_प्रवासी :
आठ फुटांच्या रस्त्यावर समोरून दुसरी गाडी आल्यास काय करीत?

नकाशावाला :
ठरावीक अंतरावर रुंद जागा ठेवलेल्या होत्या, तिथपर्यंत एकाला मागे जावे लागे. यावरून पुष्कळ भांडणे होत. १९२६ मध्ये पक्का रस्ता झाल्यावर ती अडचण संपली.

खाणीचा_अभ्यासक :
पाणी आणि रस्ता यांचे महत्त्व मान्य करूनही मला वाटते की रात्रीच्या मुक्कामाची सोय होईपर्यंत ही सहल मूठभर धाडसी लोकांपुरतीच मर्यादित होती. डेथ व्हॅलीत हा बदल अवघ्या काही महिन्यांत घडला. बॉब आयकबाउम यांनी टाउन पास या खिंडीवरून खासगी टोलरस्ता काढला आणि त्याच्या टोकाशी, स्टोव्हपाइप वेल्स येथे, १ नोव्हेंबर १९२६ रोजी हॉटेल सुरू केले. त्यापाठोपाठ फेब्रुवारी १९२७ मध्ये बोरॅक्स (टाकणखार) हे खनिज काढणाऱ्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीचे फर्नेस क्रीक इन हे हॉटेल उघडले. ही दोन्ही उद्घाटने उन्हाळा टाळून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण या सहली मुख्यतः हिवाळ्याच्याच असत. जुलैतल्या तापमानाला तोंड देण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नसे.

बोरॅक्स कंपनीला पर्यटनात रस का वाटला, हेही सांगायला हवे. तिला मोहावी वाळवंटात बोरॅक्सचा अधिक सोयीचा साठा सापडला होता आणि डेथ व्हॅलीतल्या खाणी बंद होत होत्या. खनिज वाहण्यासाठी बांधलेली अरुंद मापाची रेल्वे आता प्रवाशांसाठी चालवण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही, कारण मोटारवाल्यांना मनास येईल तेथे थांबता येत होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक (म्हणजे सरकारी संरक्षित क्षेत्र) घोषित झाले, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने आयकबाउम यांचा रस्ता विकत घेऊन त्यावरील टोल रद्द केला.