पीटर फॉक यांना कोलंबोने अडकवले की मोकळे केले?

धूसर:
पीटर फॉक (१९२७–२०११) या अमेरिकी नटाचे नाव निघाले की सुरकुतलेला रेनकोट, हातातला सिगार आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे वळणारा, 'कोलंबो' या दूरचित्रवाणी मालिकेतला पोलीस तपासनीस लेफ्टनंट कोलंबो एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अलीकडे मी जॉन कॅसाव्हेटीस यांचा 'अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) पाहिला आणि त्यातला निक हा मुकादम पाहून हाच का तो नट, असा प्रश्न पडला. रात्रपाळी संपल्यावर निक आपल्या सोबत्यांना घरी घेऊन येतो, त्याची पत्नी मेबल सर्वांना स्पॅगेटी करून वाढते, टेबलाभोवती गाणी रंगतात आणि मेबलचे अगत्य जरा जास्त होऊ लागताच निक सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसतो. प्रेम, लाज आणि धास्ती ही तिन्ही त्या क्षणी फॉक यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसतात. एवढ्या ताकदीच्या नटाची उमेदीची वर्षे एका मालिकेत खर्ची पडली, असे म्हणावे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

नाट्यवेडा:
खर्ची पडली असे मला मुळीच वाटत नाही, आणि त्याचे कारण मालिकेच्या बांधणीतच आहे. 'कोलंबो' ही दर आठवड्याची मालिका नव्हती. १९७१ पासून एनबीसी वाहिनीवर ती इतर रहस्यमालिकांबरोबर आळीपाळीने दाखवली जात असे, त्यामुळे पहिल्या हंगामात तिचे अवघे सात भाग झाले आणि १९७८ पर्यंतच्या सात हंगामांत मिळून त्रेचाळीस. प्रत्येक भाग जवळजवळ चित्रपटाच्या लांबीचा असे; पहिल्या हंगामातला पहिला भाग तर तरुण स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी दिग्दर्शित केला होता. वर्षाकाठी वीस-बावीस भागांच्या घाण्याला जुंपलेल्या नटाला जो वेळ कधीच मिळाला नसता, तो फॉक यांना मिळाला. पैशाचेही तेच. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचे पैसे घातले होते, कारण एका घरगुती वाताहतीची ही कथा काढायला कोणताही मोठा स्टुडिओ पुढे येणारा नव्हता. मालिकेने दिलेली सुबत्ता त्यांनी अशी कॅसाव्हेटीस या मित्राच्या कामी लावली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

या दोन जगांत भिंतही नव्हती. १९७२ मध्ये कॅसाव्हेटीस स्वतः एका भागात खुनी वाद्यवृंदसंचालक म्हणून आले, मेबलची भूमिका करणाऱ्या जीना रोलंड्स यांनी १९७५ च्या एका भागात काम केले आणि कॅसाव्हेटीस यांच्या 'हजबंड्स' या चित्रपटातले फॉक यांचे सहकलाकार बेन गझारा यांनी दोन भागांचे दिग्दर्शन केले.

मध्यंतर:
नाट्यवेडा यांच्याशी सहमत आहे, पण त्याआधीचा काळही विचारात घ्यायला हवा. तीन वर्षांचे असताना कर्करोगामुळे फॉक यांचा उजवा डोळा काढावा लागला होता. पुढे सार्वजनिक प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेऊन ते कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड येथे सरकारी नोकरीत लागले आणि विशी संपत आल्यावर ती सोडून पूर्णवेळ अभिनयाकडे वळले. 'मर्डर, इन्क.' (१९६०) आणि 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' (१९६१) या चित्रपटांसाठी लागोपाठ दोन वर्षे सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळूनही नायकाच्या भूमिका काही त्यांच्याकडे चालून आल्या नाहीत. दूरचित्रवाणीने त्यांना चित्रपटांपासून हिरावून घेतले, हे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

शिवाय कोलंबो ही भूमिका सोपी होती, असा समज या प्रश्नामागे असेल तर तो दूर व्हावा. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी रचलेल्या या कथांमध्ये खुनी कोण हे सुरुवातीलाच दिसते. 'कोणी केले' ही उत्सुकता संपली की उरतो तो दोन माणसांमधला सामना, आणि तो दीड तास केवळ अभिनयावर तोलून धरावा लागतो. कोलंबो बोलता बोलता खिसे चाचपतो, पेन्सिल मागतो, पत्नीची काही तरी गोष्ट सांगतो. समोरचा बडा माणूस आधी कंटाळतो, मग निर्धास्त होतो आणि नको ते बोलून बसतो. या साऱ्या गबाळेपणात फॉक यांची नजर मात्र क्षणभरही सैल पडत नाही.

धूसर:
दोघांचेही आभार. १९८९ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, त्यानंतरच्या भागांबद्दलही असेच म्हणता येईल का?

मध्यंतर:
तितक्या ठामपणे नाही. एबीसी वाहिनीवर १९८९ ते २००३ दरम्यान चोवीस भाग झाले आणि १९९० मध्ये फॉक यांना या भूमिकेसाठीचा चौथा एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कारही मिळाला, परंतु रॉबर्ट कल्प किंवा जॅक कॅसिडी या नटांनी रंगवले तसे तोडीस तोड खुनी पूर्वी जसे वरचेवर समोर येत, तसे नंतर क्वचितच आले.

नाट्यवेडा:
त्या उत्तरार्धापेक्षा मी १९८७ चा, विम वेंडर्स यांचा 'विंग्ज ऑफ डिझायर' पाहायला सांगेन. त्यात फॉक बर्लिनमध्ये चित्रीकरणासाठी आलेल्या नटाच्या, म्हणजे जवळजवळ स्वतःच्याच भूमिकेत आहेत आणि रस्त्यावरची पोरे त्यांना कोलंबो म्हणूनच ओळखतात. एका कॉफीच्या टपरीपाशी उभे राहून ते न दिसणाऱ्या देवदूताशी बोलतात: थंडीत तळहात एकमेकांवर घासण्यात आणि गरम कॉफीबरोबर सिगारेट ओढण्यात काय सुख आहे, हे त्याला सांगतात आणि मग रिकाम्या हवेत हस्तांदोलनासाठी हात पुढे करतात. वेंडर्स यांना त्या जागी असाच चेहरा हवा होता, ज्याच्यावर अनोळखी माणसेही पाहताक्षणी विश्वास टाकतील, आणि तो विश्वास फॉक यांनी मालिकेतच कमावला होता.