चर्चा: एम.एस्सी. नर्सिंगच्या थिसिसमधला 'एकच गट, प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट' आता बंद करावा का?

धागा सुरू: टिळकवाडीकर

शीर्षक वाचलं की साचा कळतो: अमुक विषयावरच्या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता, निवडक हॉस्पिटलांतल्या अमुक लोकांमध्ये. हाताशी सापडले ते ६० जण. पहिल्या दिवशी ३० प्रश्नांची प्रीटेस्ट, लगेच ४०-४५ मिनिटं शिकवणं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली. गुण वाढतात, पेअर्ड टी-टेस्टमध्ये (त्याच माणसांच्या आधीच्या-नंतरच्या गुणांची तुलना) पी, म्हणजे असा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ च्या खाली जातो आणि 'कार्यक्रम परिणामकारक' असं लिहून प्रबंध बांधायला जातो. बेळगाव, चिकोडी, खानापूर पट्ट्यातल्या कॉलेजांनी पदव्युत्तर पातळीवर हा आराखडा स्वीकारणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं कारण, शिकवण्याचा मजकूर प्रश्नावलीवरूनच तयार होतो. आठवड्यापूर्वी उत्तर सांगितलं आणि आज तोच प्रश्न विचारला, तर गुण वाढणारच. त्यातून ऐकणाऱ्याला मजकूर आठवला एवढंच सिद्ध होतं. दुसरं, नुसती प्रीटेस्ट दिल्यानेही माणूस सावध होतो, घरी जाऊन विचारतो, मोबाईलवर बघतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर हा भाग वेगळा काढता येत नाही.

तिसरं कारण सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. ज्यांचं बीपी १६० च्या वर आहे त्यांनाच निवडायचं, रिलॅक्सेशन शिकवायचं आणि आठवड्याने पुन्हा मोजायचं, असे अभ्यास बरेच होतात. टोकाचं माप पाहून निवडलेल्या गटाचं दुसरं माप सरासरीकडे सरकतंच. काहीही केलं नाही तरी सरकतं. निदान निवडीसाठी एक मोजणी आणि सुरुवातीची नोंद म्हणून वेगळ्या दिवशी दुसरी मोजणी, एवढं तरी हवं. प्रत्येक वेळी दोन रीडिंग, मध्ये एक-दोन मिनिटं. बहुतेक प्रबंधांत एकाच रीडिंगवर निवडही होते आणि तेच प्रीटेस्ट म्हणून धरलं जातं.

शेवटी वय, धर्म, शिक्षण, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार अशा दहा बाबी घेऊन प्रत्येकीचा ज्ञानाशी संबंध आहे का हे पाहणारी काय-स्क्वेअर टेस्ट. दहा स्वतंत्र टेस्ट ०.०५ वर लावल्या तर खरा संबंध एकही नसताना निदान एक 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. मग त्या एकावर चर्चेची दोन पानं भरतात.

उत्तर: अध्यापिका_हिंडलगा

सर, दोष मांडलेत ते मान्य. उपाय मान्य नाही.

विद्यार्थिनीकडे प्रत्यक्ष डेटासाठी चार ते सहा आठवडे असतात. त्याआधी सिनॉप्सिस (अभ्यासाचा प्रस्ताव), एथिक्स कमिटी, हॉस्पिटलची परवानगी, गावपातळीवर काम असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र. या प्रबंधाचा हेतू प्रशिक्षण आहे. साधन तयार करणं, तज्ज्ञांकडून तपासणं, पायलट, संमती, विश्लेषण, सगळी साखळी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहणं. ती साखळी एका गटातही पूर्ण होते.

आणि 'दुसरा गट घ्या' म्हणणं सोपं आहे. एकाच वॉर्डात निम्म्या नर्सेसना शिकवलं आणि निम्म्यांना नाही, तर दुपारच्या हँडओव्हरपर्यंत मजकूर सगळ्यांकडे पोचलेला असतो. मग फरक दिसत नाही आणि चांगला कार्यक्रम 'निरुपयोगी' ठरतो. दुसरा वॉर्ड घेतला तर तिथली इनचार्ज वेगळी, पेशंट वेगळे, स्टाफ कमी-जास्त. ३०-३० चे दोन कमकुवत गट घेऊन चुकीचं 'नाही' छापण्यापेक्षा, मर्यादा नीट लिहिलेला एक गट मला जास्त प्रामाणिक वाटतो.

उत्तर: आकडेमोड

दोघांच्या मध्ये आकडे ठेवतो.

समजा इंट्राकॅथची (सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीची) निगा बरोबर ठेवण्याचं प्रमाण ६० टक्के आहे आणि ते ८० पर्यंत न्यायचं आहे. ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), ८० टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता). नेहमीच्या सूत्राने ७.८४ गुणिले (०.२४ अधिक ०.१६), भागिले ०.०४. प्रत्येक गटात ७९. दहा टक्के गळती धरली तर ८८. म्हणजे ३०-३० च्या गटांत हा फरक खरा असूनही हातून निसटण्याची शक्यता मोठी, हे मॅडमचं म्हणणं बरोबर आहे.

वॉर्ड किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र पातळीवर गट पाडले तर संख्या आणखी वाढते, कारण एकाच केंद्रातली माणसं एकमेकांसारखी वागतात. केंद्रामागे २० जण आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ धरलं, तर डिझाइन इफेक्ट (संख्या किती पट वाढवायची तो आकडा) १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५. ७९ चे १५५ होतात. एका बाजूला आठ केंद्रं, दोन्ही मिळून सोळा. एका विद्यार्थिनीला हे झेपणार नाही. आणि 'एक केंद्र इकडे, एक केंद्र तिकडे' ही पळवाट तर मुळीच नको. तिथे दिसलेला फरक कार्यक्रमाचा की केंद्राचा, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही.

एक जोड: काय-स्क्वेअरच्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की त्याऐवजी फिशर एक्झॅक्ट टेस्ट वापरा. ६० जणांचे चार वयोगट पाडल्यावर हे हमखास होतं.

उत्तर: लेबर रूम इनचार्ज, गोकाक

तुम्ही सगळे गट मोजताय. काय मोजायचं ते आधी ठरवा की. नर्सला हात धुण्याचे पाच क्षण तोंडपाठ असतात, परीक्षेत पूर्ण गुण मिळतात, आणि बेसिनपाशी साबण नसतो. ज्ञानाच्या गुणांवरून पेशंटला काय मिळालं ते कळत नाही.

वॉर्डात आधीच पडलेली नोंद वापरा. लेबर रूमचं उदाहरण देते. पार्टोग्राफ (बाळंतपणाची प्रगती नोंदवायचा तक्ता) पूर्ण भरला का, हे जुन्या केस पेपरवरून मोजता येतं. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दर अर्ध्या तासाला कळा, दर चार तासांनी पीव्ही (आतून तपासणी), अलर्ट लाइन (प्रगती मंदावल्याचा इशारा देणारी तक्त्यावरची रेघ) ओलांडली तर काय केलं त्याची नोंद. दहा-बारा मुद्द्यांची चेकलिस्ट करा. दर आठवड्याचे दहा केस पेपर चिठ्ठ्या टाकून काढा. कार्यक्रमाच्या आधीचे १२ आठवडे मागच्या रेकॉर्डमधून मिळतात, त्यासाठी थांबावं लागत नाही. नंतरचे १२ आठवडे पुढे गोळा होत जातात. आलेखावर आठवड्याचा एक बिंदू, मध्यकाची रेघ. कार्यक्रमानंतर सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला गेले तर बदल खरा समजायला आधार आहे. दुसऱ्या गटाशिवाय एवढं हाती लागतं.

दोन गोष्टी सांभाळा. तपासणाऱ्याला पेपर आधीचा की नंतरचा हे कळू नये, म्हणून तारीख झाकून झेरॉक्स द्या. आणि पहिले ३० पेपर दोघींनी वेगवेगळे तपासून 'कप्पा', म्हणजे दोघींचं किती जुळतं ते सांगणारा आकडा, काढा. ०.६ च्या खाली आला तर चेकलिस्टची भाषा सैल आहे, ती आधी घट्ट करा.

उत्तर: अध्यापिका_हिंडलगा

इनचार्ज सिस्टर, ही पद्धत मला आवडली. पण तिथेही सापळा आहे. निरीक्षण सुरू आहे हे कळलं की कागद पूर्ण भरले जातात, कधी कधी बाळंतपण झाल्यावर बसून. पार्टोग्राफ पूर्ण दिसतो, ठोके मात्र ऐकलेले नसतात. नोंद म्हणजे काळजी नव्हे.

शिवाय तुमचे १२ आणि १२ आठवडे चार-सहा आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये बसत नाहीत.

उत्तर: लेबर रूम इनचार्ज, गोकाक

मागून भरलेला पार्टोग्राफ ओळखता येतो, मॅडम. सगळे ठोके १४० आणि १४४ च्या आत, एकच शाई, एकच अक्षर, आणि ड्यूटी बदलली तरी सही तीच. चेकलिस्टमध्ये 'शिफ्ट बदलल्यावर सही बदलली का' हा मुद्दा घाला. शिवाय आठवड्यातून दोनदा, वेळ न सांगता, चालू पेशंटचा कागद जागेवर पाहा आणि शेवटची नोंद किती वाजताची आहे ते टिपा. बाळंतपणाआधी पाहिलेला कागद मागून भरलेला असू शकत नाही.

वेळेचं म्हणाल तर नंतरचे बारा आठवडे तिथे बसून काढायचे नसतात. शनिवारी एकदा येऊन दहा पेपर तपासले की झालं.

उत्तर: फील्ड_खानापूर

आराखड्यावरचा वाद वाचला. आपल्या भागातला सगळ्यांत मोठा दोष अजून कुणी घेतलाच नाही. प्रश्नावली इंग्रजीत तयार होते, एका माणसाकडून कानडीत जाते, आणि खानापूर किंवा निपाणीच्या बाईला ती मुलाखत घेणारी जागच्या जागी मराठीत सांगते. म्हणजे ६० जणांना ६० वेगवेगळ्या प्रश्नावल्या. त्यावर काढलेल्या विश्वासार्हतेच्या आकड्याला काय अर्थ?

नीट काम असं: कानडी आणि मराठी, दोन्हींसाठी स्वतंत्रपणे दोन-दोन अनुवादक. दोन मसुदे जुळवून एक. मग मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट अनुवाद. मग समिती, तिच्यात एक तरी गावात काम करणारी एएनएम (आरोग्यसेविका) हवी. मग प्रत्येक भाषेत ३० ते ४० जणांवर चाचणी, आणि प्रत्येक प्रश्नानंतर 'तुम्हाला यातून काय समजलं?' असं विचारायचं. तज्ज्ञांकडून आशयाची तपासणी करताना पाच किंवा कमी तज्ज्ञ असतील तर प्रत्येक प्रश्नावर सगळ्यांची सहमती लागते, सहा किंवा जास्त असतील तर ०.७८, म्हणजे ७८ टक्के सहमती चालते. विश्वासार्हतेसाठी बरोबर-चूक उत्तरांच्या ज्ञानचाचणीला केआर-२०, मताच्या श्रेणीला क्रोनबाख अल्फा हा आकडा काढा, आणि दोन्ही भाषांचे आकडे वेगवेगळे छापा.

टिळकवाडीकर सरांचा दुसरा गट इथेच कोसळतो. प्रयोगाचं केंद्र खानापूर तालुक्यात, तुलनेचं बैलहोंगल किंवा सौंदत्तीत, असं केलं तर एक गट बहुतेक मराठी आणि दुसरा कानडी. फरक शिकवण्याचा की भाषेचा? केंद्रांची आधी भाषेनुसार वाटणी करा आणि मग प्रत्येक वाटणीत चिठ्ठ्या टाका. डेटा शीटवर 'मुलाखतीची भाषा' हा रकाना हवाच.

मोसमही बघा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यांचा रस्ता पावसाने तुटतो. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की अथणी, चिकोडी, संकेश्वर भागात ऊसतोड टोळ्यांचं येणं-जाणं मार्चपर्यंत चालतं, तीन महिन्यांनी तीच बाई सापडत नाही. सौंदत्तीत यल्लम्माच्या पौर्णिमेच्या यात्रेत आरोग्य केंद्राचा नेहमीचा आठवडा नसतो. निपाणीच्या विडी कामगार बायकांना हजार विड्यांवर मजुरी मिळते, ४५ मिनिटांचं शिकवणं म्हणजे त्यांच्या मजुरीतला तुकडा. ज्या थांबतात त्या इतरांपेक्षा वेगळ्या असतात. किती जणींना विचारलं आणि किती जणींनी नकार दिला, हे लिहिलेले प्रबंध फार थोडे.

उत्तर: आकडेमोड

वरच्यात एक भर. 'डिस्चार्जनंतर पुन्हा दाखल' हा निकष इथे फसवा आहे. बेळगावचा पेशंट पुढच्या वेळी कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा गोव्याला जातो. आपल्याच हॉस्पिटलचं रजिस्टर पाहिलं तर तो बरा झाला असं दिसेल. ३० व्या दिवशी फोन, दोन नंबर घेतलेले, आणि 'कुठल्याही दवाखान्यात भरती झालात का' असा थेट प्रश्न, एवढं किमान करा.

उत्तर: टिळकवाडीकर

खानापूरच्या सिस्टरांचा भाषेचा मुद्दा पूर्ण मान्य. तो माझ्या प्रस्तावात घेतो.

हिंडलग्याच्या मॅडमना उत्तर: वेळ कमी आहे, म्हणूनच एकटीने प्रयोग करू नये. एका वर्षाच्या आठ विद्यार्थिनींनी एकच प्रोटोकॉल, एकच साधन, एकच अनुवाद वापरावा. प्रत्येकीकडे दोन केंद्रं दिली की सोळा होतात. प्रत्येकीचा प्रबंध वेगळ्या निकषावर: एकीचा इंट्राकॅथ, एकीचा हात धुणं, एकीचा रुग्णाचा अनुभव. तुलनेच्या केंद्रांना अभ्यास संपल्यावर तोच कार्यक्रम द्या, म्हणजे एथिक्स कमिटीलाही अडचण वाटणार नाही. असा अभ्यास पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदवा, १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

उत्तर: अध्यापिका_हिंडलगा

आठ जणींचा एक प्रोटोकॉल चांगला आहे, पण एक गाईड रजेवर गेला किंवा एका केंद्राची परवानगी अडकली तर आठही प्रबंध अडकतात. ती जोखीम विद्यार्थिनीच्या डोक्यावर टाकायला मी तयार नाही. इनचार्ज सिस्टरांची केस पेपरची पद्धत मी पुढच्या बॅचला सुचवीन, ती एकटीला जमेल.

एक गट मात्र पूर्ण बंद करू नका. नवीन शिक्षणसाहित्य लोकांना समजतं का, किती वेळ लागतो, किती जण मधेच उठून जातात, हे तपासायला तो उपयोगी आहे. तसं असेल तर शीर्षकातून 'परिणामकारकता' काढा आणि 'व्यवहार्यता' लिहा.

उत्तर: टिळकवाडीकर

हे मला चालेल, पण मग पी-व्हॅल्यूही वगळावी लागेल. व्यवहार्यतेच्या अभ्यासात किती जणांना विचारलं, किती आले, किती शेवटपर्यंत राहिले, कुठला प्रश्न किती जणांना कळला नाही, आणि गुणांतला सरासरी फरक ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (खरा फरक साधारण कुठपासून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा). तेवढंच. निष्कर्षात 'सर्व हॉस्पिटलांत राबवावा' ही शिफारस नको. या अटींवर सिनॉप्सिस आली तर माझा विरोध नाही.

उत्तर: फील्ड_खानापूर

त्यात 'मुलाखतीची भाषा' आणि 'नकार देणाऱ्यांची संख्या' हे दोन रकाने सक्तीचे करा. आणि संमतीपत्र मराठी-कानडी दोन्हींत छापील हवं. सही येत नसेल तिथे अंगठ्यासोबत अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते. वॉर्डातल्या नर्सने साक्षीदार म्हणून केलेली सही त्यात धरू नका.