कोटा आणि डोल जाळी
नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यातल्या प्रत्येक होडीला 'अलास्कातल्या सामन माशासारखा' किलोवर कोटा द्या, म्हणजे किती किलो मासे धरायचे ते ठरवून द्या, अशी एक सूचना आहे. पण अलास्कात सामनला असा कोटा नाहीच. 1995 पासून तो हॅलिबट या चपट्या माशाला आहे. सामनसाठी 1973 च्या कायद्याने परवाने मर्यादित केले. अंडी घालायला नदीत किती मासे चढले ते सोनारने (पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे टिपणाऱ्या यंत्राने) किंवा नदीकाठच्या मनोऱ्यावरून मोजतात आणि त्यावर मासेमारी कधी उघडायची, कधी बंद करायची ते ठरतं. अंदाज चुकला तरी हंगामातच सावरता येतं.

आपल्या खाडीत तर डोल जाळं, म्हणजे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, भरतीओहोटीवर चालतं. बोंबील, जवळा, कोळंबी, बारकी पिल्लं सगळं एकत्रच. बोंबलाचा कोटा संपला तरी बोंबील यायचे थांबतात थोडेच? मेलेले परत पाण्यात फेकणार आणि वजनकाट्यावर हिशेब बरोबर! त्यापेक्षा जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस (जाळ्याची भोकं) मोठे करा. पण जवळ्याच्या जाळ्याला तेही चालणार नाही, बारीक जवळा निसटून जाईल.