मागचा पडदा
घड्याळ-रेडिओ देऊन नटवून बसवलेले फोटो, त्यात कला कसली, हे म्हणणं पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा फोटोग्राफर सेदू केइता याच्याबाबत अर्धंच पटतं. घड्याळ, पेन, रेडिओ तो स्टुडिओतूनच द्यायचा, हे खरं. पण फिल्म महाग, म्हणून बहुतेकदा एका गिऱ्हाइकाचा एकच फोटो! मान किती वळवायची, हात कुठे ठेवायचा, सगळं आधीच ठरवावं लागे.

फोटोत मागे दिसणाऱ्या पडद्याची गोष्ट मात्र वेगळीच. १९४८ मध्ये मालीची राजधानी बामाकोत स्टुडिओ थाटल्यावर सुरुवातीला मागे टांगली ती त्याच्याच पलंगावरची झालरीची चादर. पुढे दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलत गेला, आणि म्हातारपणी मागची नक्षी बघूनच तो फोटो कधीचा ते सांगायचा.