वाळवंटातल्या खाणीचा ईआयए अहवाल: सुरुवात कुठून करू?

शेवटचं_वर्ष: पर्यावरणशास्त्र शिकतोय. वाळवंटातल्या एका नियोजित खुल्या खाणीच्या ईआयए अहवालाचा, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधीच तपासणाऱ्या अहवालाचा, मसुदा अभ्यासाला मिळालाय. जीवसृष्टीचं प्रकरण अडीच पानांत उरकलंय: विरळ झुडपं, दोन जातींचे सरडे, ‘परिणाम नगण्य’. वाचताना पटतंही आणि खटकतंही. नेमकं काय तपासू?

भूजलवाला: आधी पाहणीची तारीख बघ. कोरड्या महिन्यात केलेली असेल, तर त्या ‘नगण्य’ला अर्थ नाही. तिथल्या कितीतरी वनस्पतींचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं, बरा पाऊस झाला तरच उगवतं.

मग पाण्याकडे ये. माझं निम्मं आयुष्य बोअरची पातळी मोजण्यात गेलं, म्हणून हे जरा लांबेल. खड्डा भूजलाच्या खाली गेला की उपसा आलाच, आणि भोवतालची पातळी नरसाळ्यासारखी खचते. ‘उपसा थांबल्यावर पातळी पूर्ववत होईल’ हे वाक्य अशा अहवालांत हमखास सापडतं. अरे, पण पाऊसच नाही तर भरणार कशानं? उलट बंद खड्ड्यात साठलेलं पाणी उन्हानं उडत राहतं, भोवतालचं पाणी आत ओढतं आणि वर्षागणिक खारट होतं.

आणखी एक. बोअरमध्ये बारीक जाळं सोडून कधी पाहिलंयस? पहिल्यांदा मी बाटली उजेडात धरली, तर तळाशी पांढुरका, तांदळाच्या कणीएवढा जीव वळवळत होता. डोळेच नाहीत! पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या यीलिर्री युरेनियम खाणीला तिथल्या पर्यावरण प्राधिकरणानं २०१६ मध्ये नकार सुचवला, तो जमिनीखालच्या अशाच जीवांसाठी. राज्य सरकारनं जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली, तो भाग वेगळा.

रेतीमाती: पाण्याचं खरंय, पण रस्तेही बघ. वाळवंटी मातीवर सूक्ष्मजीवांची पातळ खपली असते, तीच धूळ धरून ठेवते. गाडी एकदा गेली की ती मोडते, पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. अहवालात बहुधा फक्त खड्ड्याचं क्षेत्रफळ धरलेलं असतं.

शेवटचं_वर्ष: पाहिलं. पाहणी एकच, पाच दिवसांची, आधी पाऊस झाला होता का याचा उल्लेख नाही. जाळ्याचाही नाही. भूजलाचं मॉडेल २० वर्षांचं, खाणीचं आयुष्यही २०.

भूजलवाला: म्हणजे पंप बंद झाल्यानंतरचं काहीच नाही. मॉडेलमध्ये पुनर्भरणाचा आकडा किती धरलाय आणि तो मोजलेला आहे की गृहीत, ते शोधून इथे टाक.