दादर टीटीमधला ‘टीटी’: बोरीबंदर-दादर ट्राम आठवणारं कोणी आहे का?

मीनल_ठाणे
मागच्या महिन्यात आईला (वय ७८) मुंबईची भुयारी मेट्रो ३ दाखवायला नेलं होतं. सीएसएमटीला खाली उतरताना एस्कलेटर संपतच नव्हते, आई कठडा घट्ट धरून होती आणि मधेच म्हणाली, अगं इथूनच दादरची ट्राम सुटायची, रस्त्यावरून थेट पाय आत टाकायचा की झालं. आम्ही गाडीत बसलो तर पुढचंच स्टेशन काळबादेवी. घरी येऊन वाचलं तर ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हाचा एक मार्ग होता बोरीबंदर (म्हणजे आताचं सीएसएमटी) ते पायधुनी, काळबादेवीमार्गे! दीडशे वर्षांनी रूळ त्याच दोन ठिकाणी परत आलेत, फक्त जमिनीखाली. मला तर अंगावर काटाच आला.

आईचा मामा दादरच्या हिंदू कॉलनीत राहायचा, त्यामुळे ती दादर टीटीला ट्रामने खूपदा गेलीय. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मला आत्ता या वयात कळलं. तर विचारायचं असं की ती ट्राम नेमकी कुठून जायची आणि आता बघण्यासारखं काही उरलंय का? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको.

लालबागकर_७१
मीनल, मी बघितलीय बेटा. लालबागला आमच्या चाळीसमोरूनच जायची. बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, जे.जे., भायखळा, लालबाग, परळ करत दादर. आम्ही पोरं सोडावॉटरची बुचं गोळा करून रुळावर ठेवायचो आणि फुटपाथवर बसून राहायचो, घंटा ऐकू आली की कोणी श्वास पण घ्यायचं नाही, ट्राम गेली की पळत जाऊन उचलायची, गरम लागायची हाताला आणि पत्र्यासारखी चपटी झालेली असायची. मग खिळ्याने दोन भोकं पाडून दोरा ओवला की भिंगरी तयार. रात्री कधी वरचा दांडा तारेवरून निसटायचा, निळ्या ठिणग्या उडायच्या आणि ट्राम जागेवर ठप्प. कंडक्टर खाली उतरून मागची दोरी ओढत दांडा परत तारेला लावायचा, एका झटक्यात कधी लागायचा नाही, आम्ही गॅलरीतून ओरडायचो डावीकडे डावीकडे.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री गेली, बोरीबंदरहून दादरला. मी दहा वर्षांचा. वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं, गर्दी इतकी की ट्राम दिसतच नव्हती नुसती माणसंच लटकलेली दिसत होती. वडील रोज तिनेच कामाला जायचे. घरी आल्यावर जेवले नाहीत.

रूळप्रेमी
काकांनी मस्त लिहिलंय. मीनलताई, सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रामचा एक डबा ठेवलाय, तिथे आईंना सहज नेता येईल, पण तो कोलकात्याहून आणलेला आहे हे आधी सांगा, नाहीतर त्या म्हणतील आमची अशी नव्हती. शिवाय आणिक नावाच्या बस डेपोत बेस्टचं (मुंबईच्या बस चालवणाऱ्या संस्थेचं) म्युझियम आहे, मॉडेल्स, जुनी तिकिटं वगैरे, जायच्या आधी चालू आहे का विचारून घ्या. २०१७ ला फ्लोरा फाउंटनचं काम चालू असताना खोदकामात जुने रूळ सापडले होते.

थोडी माहिती: विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली, डबल डेकर १९२० मध्ये. बेस्ट (BEST) या नावातला शेवटचा टी आधी ट्रामवेजचाच होता, नंतर ट्रान्सपोर्टचा झाला.

सुहास_मेलबर्न
मी रोज ट्रामने ऑफिसला जातो. इथे रूळ काढले नाहीत, जवळपास २५० किमी नेटवर्क आहे, शहराच्या मध्यभागात तिकीटच नाही. ट्रामला वाट मिळावी म्हणून काही चौकांत गाड्यांना उजवीकडे वळायचं तर आधी डावीकडे थांबावं लागतं, नवीन माणूस घाबरतोच. नवीन गाड्या आणि नवे स्टॉप एका लेव्हलला, माझी आई पुण्याहून आली की एकटी फिरते. मुंबईत का नाही होऊ शकत?

परळ_टू_पवई
सुहास, आपल्याकडे रस्ता कुठेय? ट्राम रस्त्याच्या मधोमध चालायची, चढा-उतरायला गाड्यांमधून वाट काढावी लागायची, मोटारी वाढल्या तशी ट्राम अडकायला लागली आणि बस कुठूनही वळवता येते म्हणून बसच जिंकली. मला मेट्रो ३ मनापासून आवडते, ३३.५ किमी आणि २७ स्टेशनं ही काही साधी गोष्ट नाही. पण एक सांगतो, ती गिरगाव, महालक्ष्मी, वरळीकडून दादरला जाते. भायखळा-लालबाग-परळ हा ट्रामचा खरा रस्ता, तिथे वर पूल आले आणि खाली आम्ही बसची वाट बघत उभे. लोकल आहे हो, पण चिंचपोकळीचे जिने सत्तरीच्या माणसाला चढायला लावून बघा. दारातून उठून चार पावलांवर गाडी मिळणं ही जी सोय होती ती अजून कोणी परत दिलेली नाही.

मीनल_ठाणे
सगळ्यांचे खूप आभार. काकांचं आईला वाचून दाखवलं, बुचांचं ऐकून उठून बसली, म्हणे आम्ही मुली पण ठेवायचो. रविवारी भाटिया बाग आणि मग टॅक्सीने जुन्या रस्त्यानेच दादर टीटी. काका, माझ्या मुलाला भिंगरी करून हवीय, बुच आता कशाने चपटं करायचं?

लालबागकर_७१
हातोडीने होतं. आधी आतलं प्लास्टिक काढ आणि भोकांच्या कडा नीट ठोकून घे, नाहीतर दोरा लगेच कापतो. आईला नमस्कार सांग.