महिनाभरात कादंबरी: ऑक्टोबरातला आराखडा म्हणजे नमनाला घडाभर तेल?

खर्डेघाशा (धागाकर्ता)

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहून काढायची, हा खेळ लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कानावर असेल. १९९९ च्या जुलैत ख्रिस बेटी याने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तो सुरू केला. तेव्हा सगळे मिळून २१ जण होते. पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात गेला आणि 'नॅनोरायमो' या नावाने जगभर पसरला. त्यामागच्या संस्थेने २०२५ मध्ये गाशा गुंडाळला, पण लिहायला संस्था कशाला लागते? आम्ही चार-सहा जण यंदा आपापले बसणार आहोत.

वाद तयारीवरून आहे. आमच्यातल्या एकाने एक्सेलमध्ये चाळीस प्रकरणांचा तक्ता केलाय, प्रत्येक पात्राला वेगळा रंग. दुसरीने नायिकेची पत्रिका मांडलीय, खरीखुरी, लग्नरास-महादशेसकट. तिसरा कुठलं ॲप चांगलं याचे व्हिडिओ बघतोय. गोष्टीतलं एक वाक्यही अजून कुणाच्या हातून उतरलेलं नाही. माझं मत विचाराल तर ही तयारी नव्हे, ही टाळाटाळ आहे. पुढे काय होणार हे सगळं आधीच ठरलं की सांगायची ओढच संपते, आणि मग नोव्हेंबरभर नुसत्या पाट्या टाकायच्या.

तयारी करायचीच तर ऐवजाची, म्हणजे गोष्टीच्या कच्च्या मालाची करा. मी ऊसतोडीच्या टोळीवर लिहिणार आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, मुकादम (टोळी जमवणारा) हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, खाडा पडला, कामाचा दिवस चुकला, की पैसे कापतात, हे वर्तमानपत्रातूनही कळतं. पण रात्री दोनला गाडी आली तर मोळ्या भरायला कोण उठतं, झोपलेल्या पोराला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, कुणाच्या भरवशावर ठेवतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे कुणाच्या हातात राहतात? हे माहीत असेल तर प्रसंग आपोआप सुचतात. नसेल तर चाळीस रंगीत चौकोन असून उपयोग नाही.

बोला.

आठ-बाराची लोकल

पूर्ण असहमत. नोकरी करून लिहिणाऱ्याला आराखडा हाच एक आधार असतो. पन्नास हजार भागिले तीस म्हणजे रोजचे १६६७ शब्द. रात्री साडेनऊला जेवण उरकून बसल्यावर 'आज काय होणार' इथून सुरुवात केली तर साडेअकरा तिथेच वाजतात. आराखडा असेल तर निदान आज कुठला प्रसंग हे ठरलेलं असतं.

बिनआराखड्याच्या कादंबऱ्या मी वाचल्यात, मित्रांच्याच. पहिला आठवडा झकास जातो. तिसऱ्या आठवड्यात नायक एसटीत बसलेला असतो आणि खिडकीबाहेर बघत आख्खं बालपण आठवतो, कारण त्याला कुठल्या स्टँडवर उतरवायचं हे लेखकालाच ठाऊक नसतं.

मुद्रितशोधक

😄 एसटीतला नायक ओळखीचा आहे. दर वर्षी जानेवारीत भेटतो.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण मुळात हा खेळच पटत नाही. शब्द मोजून कादंबरी होत नसते. दुसरं म्हणजे, हा पन्नास हजारांचा आकडा इंग्रजीच्या मापाने ठरलाय. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'घराबाहेरच्यांनासुद्धा' हा मोजणीत एकच शब्द, इंग्रजीत तेवढ्याला पाच-सहा खर्ची पडतात. तिकडे 'अ' आणि 'द' यांचीही भर असते. म्हणजे तेवढाच मजकूर मराठीत लिहिला तर आकडा बराच कमी भरतो, आणि तुम्ही मात्र इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त मजकुराचं ओझं घेऊन धावताय. तयारीत पहिलं काम हे करा: आकडा उतरवा. चाळीस हजार पुष्कळ झाले.

खर्डेघाशा

@मुद्रितशोधक, आकड्याचं मान्य. चाळीस हजारच धरतो.

पण मोजून लिहिलं की साहित्य होत नाही, हे कशावरून? अँथनी ट्रोलप टपालखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहायचा, दर पाव तासाला अडीचशे शब्द. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. अंक ठरल्या वारी निघायचाच. बाबूराव अर्नाळकरांच्या तर हजारावर रहस्यकथा. त्यांना कुणी 'प्रेरणा आली का' म्हणून विचारत बसलं नव्हतं.

मुद्रितशोधक

हरिभाऊंना मध्ये घेऊ नका. त्यांच्यासमोर दर आठवड्याला वाचणारा वाचक होता. तुमच्यासमोर मोबाइलवरचा एक आकडा आहे. वाचकासाठी घाई करणं वेगळं, आकड्यासाठी करणं वेगळं.

उंबरठ्यावरून

दोस्तोयव्हस्कीचं नाव अजून कसं आलं नाही? या विषयावर ते येतंच, तेव्हा मीच आणते.

१८६६ च्या ऑक्टोबरात त्याने २६ दिवसांत 'द गॅम्बलर' ही जुगाऱ्याची कादंबरी हातावेगळी केली. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी करार असा होता की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लिखाण प्रकाशकाने फुकट छापायचं. आना स्नित्किना ही लघुलेखिका रोज यायची, हा सांगायचा, ती घरी जाऊन मजकूर उतरवून आणायची. हे सगळे सांगतात. पण त्या गोष्टीचा आराखडा त्याने तीन वर्षं आधी, १८६३ मध्ये, रोमहून एका मित्राला पत्रात लिहून कळवला होता, हे कुणी सांगत नाही. शिवाय रूलेटच्या टेबलावर पैसे घालवण्याचा अनुभव स्वतःचाच. २६ दिवस फक्त उतरवून काढायचे होते.

म्हणून खर्डेघाशा, तुमची बाजू अर्धीच टिकते. ऐवज हवाच, पण आराखडाही होता.

खर्डेघाशा

पत्रातला आराखडा! पानभर मजकूर. चाळीस प्रकरणांचा तक्ता नव्हे. मित्राला गोष्ट एका पानात सांगता येणं, एवढी तयारी मलाही चालेल. लघुलेखिका कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा.

ओवी_न्यूजर्सी

लघुलेखिका फोनमध्येच आहे की. मी स्वयंपाक करताना मराठीत बोलून लिहिते. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, पात्रांची नावं विचित्र उमटतात, पण संवाद फार जिवंत येतात. ऑक्टोबरात याचा सराव करून ठेवा, ही माझ्या लेखी खरी तयारी. इकडे शेवटच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंग येतं. घर पाहुण्यांनी भरतं आणि दर वर्षी लोक तिथेच गळतात.

आक्का

तुम्हा सगळ्यांच्या हिशेबात घर कुठेच दिसत नाही, म्हणून लिहिते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ ला. धनत्रयोदशी ते भाऊबीज, म्हणजे ६ ते ११, शून्य शब्द धरा. उरले २४ दिवस. पन्नास हजाराला रोजचे २०८३, चाळीस हजाराला साधारण १६६७. म्हणजे वरच्या मुद्रितशोधकांचा आकडा घेतला की दिवाळी फुकटात पडते.

माझी तयारी सांगू? भाजणी ऑक्टोबरातच दळून आणायची. शंकरपाळे-चिवडा ३१ तारखेच्या आत डब्यात. करंज्या यंदा बाहेरून आणायच्या, आणि ते आत्ताच जाहीर करायचं, म्हणजे नाकं मुरडायला घरच्यांना पुरेसा वेळ मिळतो. दुपारी दोन ते साडेतीन माझ्या खोलीचं दार बंद राहील, हेही आत्ताच. आराखडा की ऐवज हा वाद ज्यांना चहा हातात येतो त्यांचा आहे. आमच्याकडे दार बंद ठेवता आलं की कथानक सुचतंच.

आठ-बाराची लोकल

आक्का, दंडवत. तुमचं वेळापत्रक म्हणजे आराखडाच झाला, फक्त कथानकाऐवजी फराळाचा. माझ्या बाजूने मत धरतो.

आक्का

नका धरू. माझ्या कादंबरीचा शेवट मलाच माहीत नाही.

बांधावरचा

उशिरा आलो. धागाकर्त्यांशी थोडं बोलायचंय. आमच्या भागातून टोळ्या जातात, घरातली माणसंही गेलेली आहेत.

तुम्ही म्हणता तो ऐवज एका महिन्यात गोळा होत नाही. हंगामाच्या सुरुवातीला कॅमेरे, वह्या घेऊन खूप जण येतात. बाया चार वाक्यं बोलतात, तीच चार वाक्यं सगळ्यांना. एकदा फडात उतरल्यावर बोलायला वेळ नसतो. पहाटे भाकरी थापून निघायचं, दिवसभर तोड, नंतर मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, रात्री गाडी आली तर पुन्हा भरणी. तुमचा प्रश्न 'मोळ्या भरायला कोण उठतं' असा होता. दोघंही उठतात. कोयता दोघांचा आहे. त्यात प्रश्न नाही.

वाढ्यांचा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. ते पैसे बहुतेक ठिकाणी बाईच्या हातात येतात, त्यातून आठवड्याचा बाजार होतो. उचलीचा हिशेब गड्याच्या नावावर, वाढ्यांचा तिच्याकडे. यावरून घरात काय काय होतं, ते तुम्हाला तक्त्यातून कळणार नाही आणि एका भेटीतूनही नाही. जायचं तर आत्ता जा. निघण्याआधी माणसं गावात असतात, तेव्हा दोन गोष्टी बोलतात. वही खिशात ठेवा. आणि कादंबरी नोव्हेंबरातच संपली पाहिजे हा हट्ट कशासाठी?

खर्डेघाशा

हट्ट एवढ्यासाठी की 'सगळं कळल्यावर लिहू' म्हणणारे कधी लिहीत नाहीत. नोव्हेंबरात खर्डा होईल, कादंबरी नव्हे. जिथे माहीत नाही तिथे कंस टाकून पुढे जाईन, कंस भरायला नंतर वेळ आहे. तुम्ही म्हणता तसा पुढच्या रविवारी जातो. वही खिशात ठेवण्याचं लक्षात ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

बांधावरचा

करा. येताना बाजाराचा दिवस धरू नका, कुणी भेटणार नाही.

उंबरठ्यावरून

कंस टाकून पुढे जाणं म्हणजे आराखडाच झाला ना पण? फक्त उलटा.

खर्डेघाशा

नाही. (कारणं सवडीने.)

मुद्रितशोधक

एक विनंती सगळ्यांना: १ डिसेंबरला कुठल्याही प्रकाशकाला मेल करू नका. आधी स्वतः एकदा मोठ्याने वाचा, कंस भरा, एसटीतल्या नायकाला खाली उतरवा. एप्रिलनंतर पाठवलंत तर मी स्वतः वाचेन, शब्द न मोजता.